विम्याचा कागद कुठे संपतो?

(शाखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत मी रिक्त जागा, क्वार्टरची दुरुस्ती, ओव्हरटाइमची थकबाकी आणि पेन्शन यांवर बोलतो. ते सर्व विषय अहवालात छापलेले आहेत आणि त्यांवर दुपारी चर्चा होईलच. आत्ताचा अर्धा तास मी एका वेगळ्या विषयासाठी अध्यक्षांकडून मागून घेतला आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा सभेच्या दिवशी या आवारात सायकली उभ्या असत. आज येताना पाहिले तर सायकली दोन, आणि मोटारसायकलींची ओळ पार रस्त्यापर्यंत गेलेली. चार-पाच मोटारीही आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. कामगाराच्या दारात गाडी यावी, म्हणूनच आपण एकेका वेतन आयोगासाठी भांडलो. पण गाडीबरोबर एक जबाबदारीही घरात येते. गाडीचा हप्ता किती हे आपल्याला पाठ असते. ही जबाबदारी किती, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी हात वर करा. आता ज्यांना आपल्या विम्याची मुदत कोणत्या तारखेला संपते हे ठाऊक आहे, त्यांनीच हात वर ठेवा. आता ज्यांना आपली पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची आहे की पॅकेज, हे ठाऊक आहे, त्यांनीच ठेवा. पाहा. एवढ्या मोठ्या सभागृहात बोटांवर मोजता येतील एवढे हात राहिले. खाली घ्या. लाज वाटायचे कारण नाही. २०१४ साली हाच प्रश्न मला कोणी विचारला असता, तर माझाही हात खाली गेला असता.

२०१४ सालची गोष्ट

ही गोष्ट आपल्याच दोन सभासदांची आहे. नावे मी घेणार नाही. ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी मनात ठेवावीत, आणि ज्यांना ठाऊक नाहीत त्यांनी विचारू नयेत.

संध्याकाळची सभा लांबली आणि साडेदहा वाजले. शेवटची पॅसेंजर निघून गेली होती. एक पॉइंट्समन मोटारसायकल काढत होता. शेजारी एक ट्रॅकमन उभा होता, वय चव्वेचाळीस, अठरा वर्षे रुळावर काम केलेला माणूस. मी पॉइंट्समनला म्हणालो, "अरे, याला जाता जाता घरी सोड." एवढेच माझे शब्द. वळणावर खडी पसरलेली होती, गाडी वेगात होती, घसरली. चालवणाऱ्याचा हात मोडला. मागे बसलेला आमचा माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत गेला.

घरी बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. दिवसकार्य झाल्यावर तो पॉइंट्समन हाताला प्लास्टर घालून स्वतः त्यांच्या घरी गेला आणि म्हणाला, "वहिनी, चूक माझी आहे. तुम्ही दावा लावा. माझ्या गाडीचा विमा आहे, कंपनी पैसे देईल." पंचनाम्याच्या नकला त्यानेच आणून दिल्या. वकीलही आम्ही दोघांनी मिळून पाहिला. कोर्टात एक जण अर्जदार आणि दुसरा जाबदार, पण दोन्ही घरे एकाच बाजूची आहेत असे आम्ही समजून चाललो होतो.

पहिल्या चार तारखांतच कंपनीच्या वकिलाने पॉलिसी पुढे ठेवली. ती फक्त कायद्याने सक्तीची असलेली, म्हणजे आपण जिला थर्ड पार्टी म्हणतो ती पॉलिसी होती. तो म्हणाला, रस्त्यावरचा माणूस हा तिसरा पक्ष. गाडीवर मागे फुकट बसलेला माणूस या पॉलिसीत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००६ सालचा निकाल त्याने दाखवला, आणि तो निकाल तसाच आहे. २०१८ साली न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, कंपनीला मोकळे केले आणि सगळी रक्कम गाडीमालकाने द्यावी असा हुकूम केला. रक्कम होती ४०,०१,२०० रुपये. अर्ज दाखल झाल्यापासूनचे व्याज वेगळे.

चाळीस लाख कुठून आले?

पुष्कळांना वाटते की न्यायाधीश मनाला येईल तो आकडा लिहितात. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली आणि नंतर २०१७ साली घटनापीठाने याचा हिशेब घालून दिला आहे. आपल्यालाही पगारपत्रकाच्या पाठीवर तो करता येतो.

आमच्या ट्रॅकमनचा पगार त्या वेळी महिना २४,००० रुपये होता. वर्षाचे झाले २,८८,०००. कायम नोकरी आणि वय चाळीस ते पन्नास, म्हणून पुढे पगार वाढला असता याचे ३० टक्के धरायचे, झाले ३,७४,४००. घरात अवलंबून असणारी माणसे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले २,८०,८००. एक्केचाळीस ते पंचेचाळीस वयाला गुणक १४. गुणाकार केला की ३९,३१,२०० येतात. त्यात अंत्यविधी, पतीच्या सहवासाची हानी आणि मिळकतीची हानी यांचे त्या वेळच्या दराने ७०,००० मिळवा.

वय कमी असेल तर गुणक वाढतो. छत्तीस ते चाळीस वयाला १५, सव्वीस ते तीसला १७. चाळिशीच्या आतल्या कायम नोकराला भावी वाढीचे ५० टक्के धरतात. आज महिना ४०,००० मिळवणारा, अडतीस वर्षांचा, चार माणसे पोसणारा कोणी तुमच्या गाडीखाली आला, तर हाच हिशेब ८१ लाखांवर जातो. आणि तो नोकरदारच असला पाहिजे असेही नाही. महिना १२,००० मिळवणारा तीस वर्षांचा मजूर, त्याच्यामागे चार माणसे, वाढीचे ४० टक्के धरले, तर २५,७०,४०० होतात.

कंपनीच्या वकिलाने आणखी एक गोष्ट मांडली होती. मुलाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली, बाईंना फॅमिली पेन्शन चालू झाली, मग नुकसान कसले? हे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे की अनुकंपा नोकरी आणि फॅमिली पेन्शन भरपाईतून वजा करायची नाही. ती त्याच्या सेवेची कमाई आहे, ज्याच्या हातून अपघात झाला त्याला त्याचा फायदा नाही.

मर्यादा रुपयांची नाही, अटींची आहे

आता मुख्य गोष्ट नीट लक्षात घ्या. परदेशात काही ठिकाणी विमा ठरावीक रकमेपर्यंतच असतो, आणि वरचे पैसे गाडीमालकाला भरावे लागतात. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सक्तीचा जो विमा आहे, त्यात माणसाच्या मृत्यूला किंवा दुखापतीला रुपयांची मर्यादा नाही. न्यायाधिकरणाने ऐंशी लाख ठरवले तर ऐंशी लाख कंपनीने द्यायचे. २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात मृत्यूला दहा लाख आणि गंभीर दुखापतीला पाच लाख अशी मर्यादा घालण्याचे घाटत होते. ती राहिली असती, तर वरची सगळी रक्कम चालकाच्या आणि मालकाच्या डोक्यावर आली असती. त्याला विरोध झाला आणि २०१९ च्या कायद्यात ती मर्यादा आली नाही. पण विमा कंपनीची जबाबदारी किती हे ठरवण्याचा अधिकार त्या कायद्याने केंद्र सरकारला दिलेला आहे. म्हणून मर्यादेचा विषय कायमचा मिटला असे समजू नका. कामगार संघटनांना तिकडे डोळा ठेवावा लागेल.

रुपयांची मर्यादा नसली तरी अटींची आहे. अट मोडली की कंपनी बाजूला होते, किंवा आधी पैसे भरते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. आपली स्वतःची जबाबदारी तिथून सुरू होते. ती सहा ठिकाणी सुरू होते. एकेक सांगतो.

१. पॉलिसीचा प्रकार

फक्त थर्ड पार्टी असेल तर रस्त्यावरचा माणूस सुरक्षित. मागे बसलेला मित्र, किंवा मोटारीत बसलेला शेजारी नाही. पॅकेज पॉलिसीत हे लोक येतात, असे विमा नियामकाने २००९ सालीच कंपन्यांना कळवले आहे. आपल्यात लिफ्ट देणे हा धर्म आहे. रात्रपाळीला जाताना सहकाऱ्याला घेतल्याशिवाय आपण निघत नाही. म्हणून आपल्याला पॅकेजच हवी.

यात एक नवी अडचण आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा आणि मोटारीला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. पहिले वर्ष संपले, तो भाग नूतनीकरण केला नाही, की हातात उरते ती नुसती थर्ड पार्टी. माणूस म्हणतो, माझा विमा पाच वर्षांचा आहे. कंपनी म्हणते, पॅकेज तर पहिल्याच वर्षी संपले.

२. तारीख

पाच वर्षांचा विमा असला की सहाव्या वर्षी तो संपतो हे लक्षात राहत नाही. विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी दंड २,००० रुपये. लोक त्या दंडाला भितात. खरे भय त्या दिवशी अपघात होण्याचे आहे, कारण मग कंपनीच नाही, जे काही द्यायचे ते तुम्ही. चेकने हप्ता भरला आणि चेक वटला नाही, कंपनीने पॉलिसी रद्द करून तुम्हाला कळवले, आणि त्यानंतर अपघात झाला, तरी तीच गत.

७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ मध्ये ठरवला गेला तो वर्षाला ७१४ रुपये, कर वेगळा. दिवसाला दोन रुपये पडतात. पॅकेजला त्यावर आणखी थोडे. त्या पॉइंट्समनने वाचवले होते ते हे वरचे थोडे.

३. विकलेली गाडी

आपली नोकरी बदलीची. भुसावळचा माणूस इटारसीला जातो, सोलापूरचा हुबळीला, नागपूरचा बिलासपूरला. जाताना जुनी गाडी कोणाला तरी देऊन टाकतो, आर.सी. बुक आणि चावी हातात देतो, कोऱ्या फॉर्मवर सही करतो आणि विसरतो. कायद्याच्या दृष्टीने मालक कोण? ज्याचे नाव आर.टी.ओ.च्या नोंदीत आहे तो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरली होती; नोंद पहिल्याच्याच नावावर. न्यायालयाने नोंदीवरच्या मालकालाच जबाबदार धरले. अपघात झालेला त्या गरीब कुटुंबाने मालक शोधत कुठवर फिरायचे, असा त्यामागचा विचार आहे, आणि तो बरोबरच आहे.

विकणाऱ्याने त्याच राज्यात चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. दुसऱ्या राज्यात गाडी जात असेल तर पंचेचाळीस दिवसांत ना-हरकत दाखल्यासह. फॉर्म २९ आणि ३०. नवे नाव लागलेले आर.सी. बुक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी विकली असे म्हणू नका.

४. लायसन आणि चालवणारा

आपल्यातले पुष्कळ जण पन्नाशीचे आहेत. तरुणपणी काढलेले लायसन केव्हा संपले हे आपण पाहतच नाही. पन्नास ते पंचावन्न या वयात काढलेले किंवा नूतनीकरण केलेले लायसन साठाव्या वर्षापर्यंत चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी पुन्हा. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली.

गाडी दुसऱ्याच्या हातात देताना त्याचे लायसन मागून पाहा. मेव्हणा असो, पुतण्या असो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की लायसनचा दोष असला तरी आधी कंपनीने जखमीला पैसे द्यावेत. मालकाकडून वसूल करायचे असतील तर मालकाचाही दोष होता हे कंपनीने सिद्ध करावे. म्हणजे तुम्ही लायसन पाहून गाडी दिली असेल आणि ते नंतर खोटे निघाले, तर तुम्हाला बचाव आहे. पाहिलेच नसेल, तर नाही. हलक्या वाहनाचे लायसन असणारा साडेसात टनांच्या आतले मालवाहू वाहन चालवू शकतो की नाही, हा जुना वाद नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने चालवू शकतो असा मिटवला.

आणि अठराच्या आतल्या मुलाच्या हातात चावी? पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हे वेगळेच, भरपाई त्याशिवाय. मुलगा नुसता दुधाची पिशवी आणायला गेला होता, हे न्यायाधिकरणात चालत नाही.

५. गाडीचा वापर

खाजगी गाडी म्हणून विमा आणि लग्नसराईत भाड्याने फेऱ्या, हे जमत नाही. पॉलिसीत 'वापराची मर्यादा' म्हणून एक ओळ असते. ती बारीक अक्षरांत असते, चष्मा लावून वाचा. आमचे ग्रामीण डाक सेवक बंधू डाकथैली घेऊन स्वतःच्या मोटारसायकलवर गावोगाव फिरतात. रेल्वेतले काही जणही ड्यूटीच्या कामाला स्वतःची गाडी वापरतात. त्यांनी ही ओळ मुद्दाम वाचावी आणि हा वापर पॉलिसीत बसतो का, याचा कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा. एजंटच्या तोंडच्या 'सगळं कव्हर आहे साहेब' या वाक्याला न्यायाधिकरणात किंमत नाही.

६. वस्तूंचे नुकसान

इथे मात्र खरोखरच रुपयांची मर्यादा आहे. दुसऱ्याची मोटार, दुकान, भिंत यांचे नुकसान झाले तर दुचाकीच्या पॉलिसीत नेहमीची मर्यादा एक लाख आणि मोटारीच्या पॉलिसीत साडेसात लाख असते. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून काही जण ती सहा हजारांवर आणतात. रस्त्यावरच्या आजच्या गाड्यांच्या किमती पाहा आणि मग ठरवा, त्या थोड्या रुपयांची बचत परवडते का.

हुकूम झाल्यावर काय होते?

पैसे भरले नाहीत तर अर्जदार दरखास्त लावतो, किंवा न्यायाधिकरणाचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली होते. गावची जमीन, प्लॉट, घर, बँकेतली ठेव यांच्यावर जप्ती येऊ शकते. पगारावर येते ती अशी: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन हिस्से सोडून तिसरा हिस्सा कापला जातो, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिने. सरकारी पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड जप्तीतून वगळलेले आहेत. मालक मेला तरी दावा मरत नाही. तो त्याच्या मिळकतीवर चालतो. वारसांना स्वतःच्या खिशातून नाही, पण बापाने मागे ठेवलेल्यातून द्यावे लागते.

आमच्या पॉइंट्समनचा जप्तीस पात्र पगार होता ३७,०००. हजार सोडून ३६,००० चा तिसरा हिस्सा म्हणजे महिना १२,०००. चोवीस महिन्यांचे झाले २,८८,०००. गावाकडच्या प्लॉटमधला आपला वाटा त्याने आपण होऊन विकला आणि पाच लाख नेऊन भरले. म्हणजे चाळीस लाखांचा हुकूम असताना त्या बाईच्या हातात आठ लाखही पडले नाहीत. तिकडे त्याच्या मुलीचे कॉलेज सुटले. बाकीची रक्कम, व्याजासह, अजून कागदावर आहे.

बंधूंनो, यात जिंकले कोण? मला दोन्ही घरांत जावे लागते. वहिनी म्हणतात, "भाऊ, मी त्यांच्या पगारावर जप्ती आणली असे चाळीत बोलतात. माझा माणूस गेला, मी काय करू?" तो म्हणतो, "मी वहिनींना तोंड कसे दाखवू? दावा लावा असे मीच म्हणालो होतो." दोघांचेही खरे आहे. आणि 'याला घरी सोड' असे म्हणणारा मी होतो. माझ्यावर कोणी दावा लावला नाही. पण त्या रात्री मी, तुझी पॉलिसी कोणती, असे विचारले नव्हते. मला तो प्रश्नच ठाऊक नव्हता. युनियनच्या सचिवाला पगारवाढीची सगळी परिपत्रके पाठ होती, हा एक प्रश्न नव्हता.

आपण दोन्ही बाजूंना आहोत

विम्याकडे आपण पोलिसाने मागितला तर दाखवायचा कागद म्हणून पाहतो. पण कामगार या प्रश्नात दोन्ही बाजूंना आहे. आज आपण गाडीवर आहोत. उद्या फाटकावरून घरी चालत जाताना आपण रस्त्यावर आहोत. समोरच्या टेम्पोचा विमा संपलेला असेल तर आपल्या बायकोच्या हातातही नुसता हुकूम राहील. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. मघाच्या हिशेबापुढे हे किती, ते तुम्हीच सांगा. म्हणून विमा चालू ठेवणे ही नुसती आपल्या घराची राखण नाही, ती रस्त्यावरच्या दुसऱ्या कामगाराशी बांधिलकी आहे.

स्वतःसाठीही एक पाहा. गाडी चालवणाऱ्या मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो पॉलिसीत आहे का आणि त्यात वारसाचे नाव कोणाचे आहे, हे आज घरी गेल्यावर बघा. काहींच्या कागदावर लग्नाआधीचे, आईचे नाव अजून तसेच असेल.

आता काय करायचे?

कार्यकारिणीने चार गोष्टी ठरवल्या आहेत. सभेने त्यांना मंजुरी द्यावी.

एक: दर तीन महिन्यांनी पगाराच्या दुसऱ्या दिवशी युनियन कार्यालयात गाडीचे कागद तपासले जातील. पॉलिसी, आर.सी. बुक, लायसन. वहीत फक्त तारखा लिहू. मुदतीच्या महिनाभर आधी निरोप जाईल.

दोन: न्यायाधिकरणाचे समन्स आले की आठ दिवसांत कार्यालयात या. 'कंपनी बघून घेईल' म्हणून घरी बसू नका. कंपनी स्वतःचे बघते. तुम्ही हजर राहिला नाहीत तर एकतर्फी हुकूम होतो, आणि लायसन तपासले होते हे सांगायला तुमच्या बाजूने कोणीच राहत नाही. न्यायालयाबाहेर कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नका.

तीन: आपले माणूस अपघातात सापडले तर दाव्याचा अर्ज सहा महिन्यांत गेला पाहिजे. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला आव्हान देणारी प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. दुःखाच्या घरात ही तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही. ती लक्षात ठेवणे हे शाखेचे काम.

चार: ड्यूटीच्या कामाला ज्याला स्वतःची गाडी वापरावी लागते, त्याच्या पॅकेज पॉलिसीचा हप्ता प्रशासनाने भरावा, अशी मागणी आपण रेल्वेत आणि पोस्टात दोन्हीकडे लावून धरू. काम त्यांचे आणि जोखीम आमची, हे चालणार नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, वकील नाही. आज सांगितले ते कोर्टाच्या पायऱ्या चढून शिकलो, आणि त्याची फी मी भरली नाही, दुसऱ्या दोघांनी भरली. तुम्ही ती भरू नये एवढ्यासाठी हा अर्धा तास घेतला.

सभा संपल्यावर जेवण आहे. त्यानंतर कोणी कोणाला गाडीवर सोडणार असेल तर जरूर सोडा. माणुसकी बंद करा असे मी सांगणार नाही. फक्त किक मारण्याआधी डिकीतला कागद काढा आणि दोन गोष्टी वाचा: तारीख, आणि 'पॅकेज' हा शब्द. दोन्ही जागेवर असतील तर निघा. नसतील तर आज दोघेही शटलने जा. शटल पाच वीसची आहे, मी चौकशी करून ठेवली आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!